विंचवाचं बिऱ्हाड अमेरिकेच्या रस्त्यावर

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींची मुलं आज अमेरिकेत आहेत. कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी नातवंडांच्या ओढीनं चार-सहा महिने तिकडे राहून येता. तिथल्या रस्त्यावर मागे उघडा हौदा असलेली मोठी गाडी तुम्ही नक्की पाहिली असेल. आपल्याकडे भाजीवाले आणि दूधवाले वापरतात त्या पिकअपची ही थोरली बहीण. आठवडाभर ती कामावर ने-आण करते, शनिवारी दुकानातून लाकूडसामान, मातीची पोती वाहते आणि सुट्टी लागली की तिच्या हौद्यात चक्क एक खोली बसते!

ही खोली रस्त्यानं जाताना बसक्या पेटीसारखी दिसते. मुक्कामाला पोचलं की बाहेरच्या कड्या सोडायच्या, आत शिरून छपराला हातानं रेटा द्यायचा. गाडीची डिकी वर धरून ठेवणाऱ्या गॅसच्या दांड्या असतात ना, तशाच दांड्या छपराला आधार देतात. छप्पर दीड-दोन फूट वर जातं, कापडाच्या भिंती ताठ होतात आणि आत चांगला उंच माणूस उभा राहतो. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या भागात दोघांची गादी, खाली बाक, ओटा, दिवा. ह्याला म्हणतात पॉप-अप कॅम्पर. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' म्हणतो ना आपण, ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर हे पाहावं.

ट्रकवर घर बसवून फिरण्याची हौस तिकडे जुनी आहे. जॉन स्टाइनबेक हा मोठा लेखक १९६० साली अशाच ट्रकवर बसवलेल्या घरातून, बरोबर फक्त आपला कुत्रा घेऊन, सगळा देश पाहून आला. डॉन किहोटेच्या घोड्याचं नाव त्यानं त्या गाडीला दिलं होतं, रोसिनांते. त्याचं घर कडक भिंतींचं होतं. आमचं मात्र उघडमीट करणारं.

आम्ही कोलोराडो राज्यात डेन्व्हरला राहतो. २०२३ साली सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे आल्या. वय शहात्तर, प्रकृती काटक, पण गुडघे कुरकुर करणारे. आमच्या ह्यांच्या मनात कॅम्पर घ्यायचं बरेच दिवस घोळत होतं. मी एकच अट घातली. आईंना घेऊन जाता येईल असाच कॅम्पर घ्यायचा. त्या पुन्हा इतक्या लांब येतील, न येतील. त्यांना घरी टी.व्ही.समोर बसवून आपण दोघांनी डोंगर बघायला जायचं हे मला पटेना. ह्या एका अटीमुळे खरेदीचा सगळा नूर पालटला, आणि त्यातूनच मला जे उमगलं ते तुम्हांला सांगावंसं वाटलं.

दाराच्या चौकटीवरची चिठ्ठी

कॅम्पर घ्यायला निघालं की पुरुषमंडळी इंजिनाची ताकद, चाकांची उंची, छपरावरच्या वीजपाट्या असल्या गोष्टींत रमतात. तुम्ही खुशाल त्यांना रमू द्या. तुम्ही एकच करा. ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा आणि चौकटीवर चिकटवलेली पांढरी-पिवळी चिठ्ठी वाचा. तिच्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून ह्या गाडीत अमुक पाउंडांपेक्षा जास्त वजन घालू नये. ह्या आकड्याला पेलोड म्हणतात. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन ट्रकांचे आकडेसुद्धा वेगळे असतात, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवर भिस्त ठेवायची नाही. आपल्याच दारावरची चिठ्ठी वाचायची.

'माणसं आणि सामान' हे शब्द नीट लक्षात घ्या. चालवणारा, शेजारी बसलेली, मागे बसलेल्या आई, सगळे ह्या हिशेबात धरलेले असतात.

आम्ही पहिल्या दुकानात गेलो तेव्हा विक्रेत्यानं हसत सांगितलं, "तुमचा हाफ-टन ट्रक ना? काही काळजी करू नका, आरामात ओढेल." आता हे 'हाफ-टन' म्हणजे जुन्या काळापासून चालत आलेलं वर्गाचं नाव आहे. त्याचा खऱ्या वजनाशी संबंध उरलेला नाही. आणि ट्रक 'ओढेल' ह्यात शंका नव्हतीच. प्रश्न होता तो थांबेल का, हा. जास्त भार घातला की ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, टायर तापतात, मागच्या पाट्या दबून गाडीचं नाक वर उठतं आणि पुढच्या चाकांची पकड सैल होते. डेन्व्हरहून पश्चिमेला जायचं तर आधी ३,४०० मीटर उंचीवरचा आयसेनहॉवर बोगदा चढायचा आणि मग पलीकडे उतरायचं. ह्या उतारांवर रस्त्याच्या कडेला खडी भरलेले चढ मुद्दाम बांधून ठेवले आहेत. ब्रेक निकामी झालेला ट्रक त्यांत घुसवून थांबवायचा म्हणून. ते पाहिलं की 'आरामात' ह्या शब्दाचा अर्थ कळतो.

महिनाअखेरचा जमाखर्च

आमच्या ट्रकच्या चिठ्ठीवर आकडा होता १,७०० पाउंड, म्हणजे ७७१ किलो. मी घरी आले आणि किराणामालाचा हिशेब लिहिते त्याच वहीत हाही मांडला.

दुकानातला कॅम्पर देखणा होता. आत शेगडी, फ्रिज, हीटर, नळ, गुळगुळीत लाकडी कपाटं. रिकाम्याचं वजन ५६७ किलो. आम्ही तिघं, ७४ अधिक ६० अधिक ४८, झालो १८२. बेरीज ७४९. उरले बावीस किलो! बावीस किलोत पाणी, गॅस, भांडी, कपडे, अंथरूण, तीन माणसांचं अन्न कसं बसायचं? पाण्याचा एक मोठा हंडा भरला तरी संपलं. म्हणजे हा कॅम्पर घ्यायचा तर एक तर ट्रक मोठा घ्या, नाही तर आईंना घरी ठेवा. दुसरी वाट मला बंद होती आणि पहिली आमच्या खिशाला.

शेवटी एका निवृत्त जोडप्याचा आठ वर्षं वापरलेला कॅम्पर मिळाला. नुसता सांगाडा म्हणा ना. ॲल्युमिनियमची चौकट, वर गादीची जागा, खाली एका बाजूला बाक, छपरावर एक सौर पाटी. फ्रिज नाही, शेगडी नाही, नळ नाही. वजन ४०८ किलो, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. (नवा घ्यायचा तर साधा सांगाडासुद्धा वीस हजार डॉलरच्या आसपास जातो, आणि सजवलेला त्याच्या दुप्पट.) आता वही म्हणाली: ७७१ मधून ४०८ गेले, आम्ही तिघं १८२ गेलो, उरले १८१ किलो. ह्यात संसार बसवायचा.

जुना कॅम्पर पारखताना

जुना घ्यायला जाल तेव्हा आधी नाकाचा उपयोग करा. दार उघडताच कुबट वास आला तर छपरातून पाणी झिरपतंय असं समजा. गादी उचलून खालची फळी दाबून पाहा. कोपऱ्यात बोट मऊ रुतलं तर लाकूड कुजलेलं. छप्पर पूर्ण वर करून कापड घड्यांच्या जागी उजेडासमोर धरा. आपण जुनी पैठणी घडीवर विरली आहे का पाहतो, अगदी तसंच. छपराच्या सांध्यांवरचा रबरी लेप भेगाळला असेल तर तो नव्यानं भरावा लागतो. काम अवघड नाही, पण किंमत सांगताना बोलून दाखवा.

हौद्याशी कॅम्पर बांधून ठेवणारे चार ताणाचे हूक असतात, दोन्ही टोकांना आटे असलेले. ते जिथे अडकतात त्या पट्ट्या वाकलेल्या, फाटलेल्या नाहीत ना, हे वाकून पाहा. सगळं घर त्या चार हुकांवर असतं. निघाल्यावर पहिल्या तासाभरात एकदा, आणि मग रोज सकाळी, ते हातानं ताणून पाहायचे. आमच्याकडे हे काम सासूबाईंनी आपणहून घेतलं होतं. त्या नुसत्या "चारी बघितले का रे?" म्हणून विचारायच्या, पण रोज न चुकता विचारायच्या.

दिंडीची शिकवण

आता सामान. मी आणि ह्यांनी यादी लिहायला घेतली ती दोन पानं भरली. खुर्च्या तीन, छत्री, बार्बेक्यूची शेगडी, कॉफीचं यंत्र. सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. त्यांनी पंढरीची वारी अनेकदा केलेली आहे. त्या म्हणाल्या, "अगं, ही तर आपली दिंडीची ट्रक. दिंडीत काय घेतो आपण? माणशी एक वळकटी. तिच्यातच कपडे. ताट, वाटी, तांब्या. बाकी सगळं सामायिक."

वारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की प्रत्येक दिंडीमागे सामानाचा ट्रक चालतो. तंबू, सरपण-गॅस, मोठी पातेली, शिधा त्यात, आणि प्रत्येक वारकऱ्याची वळकटी. मुक्काम लागला की तासाभरात गाव उभं राहतं आणि पहाटे उठून गेलेलंही असतं. शेकडो वर्षं पायी चालणाऱ्यांनी घासूनपुसून ठरवलेली यादी आहे ती. मी आमची दोन पानं बाजूला ठेवली आणि आईंच्या हिशेबानं नवी लिहिली.

पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. पाणी हेच सगळ्यांत जड सामान, पण युटासारख्या कोरड्या मुलखात त्यात काटकसर करायची नाही. माणशी दिवसाला चार लिटर पिण्या-स्वयंपाकाला आणि वर आठ लिटर धुण्या-पुसण्याला, असा वीस लिटरचा दिवस धरला. तीन दिवस पुरतं. एकाच टाकीपेक्षा वीस-वीसचे तीन कॅन बरे. एक गळला तरी दोन शाबूत.

गॅसचं सिलिंडर भरून १७ किलो, त्यात गॅस ९ किलो. बॅटरी १२, फ्रिज १६, शेगडी आणि घडीचं मेज ६, शौचाचा डबा त्याच्या पाण्यासकट १०, गाद्यांवरची अंथरूण-पांघरुणं १४, कपडे तिघांचे १८, भांडी आणि शिधा २०. बेरीज १७३. शिल्लक ८ किलो. ही आठ किलो मी कुणालाच वापरू दिली नाहीत. घरखर्चात चार पैसे डब्यात ठेवतो ना, तशी ठेवली.

सगळं भरून आम्ही हायवेवरच्या ट्रकच्या थांब्यावर वजनकाट्यावर गेलो. तिकडे अशा थांब्यांवर थोडे डॉलर दिले की पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वजन वेगवेगळं छापून देतात. वहीतला हिशेब कागदावरच राहतो. काट्यावर उभं राहिलं की खात्री होते. जड सामान, म्हणजे पाणी आणि बॅटरी, खाली आणि जितकं पुढे सरकवता येईल तितकं पुढे ठेवावं, हेही तिथेच कळतं.

गॅस, वीज आणि हवा

गॅसबद्दल चार शब्द जास्त लिहिते, कारण इथे चूक चालत नाही. आपल्याकडच्या १४.२ किलोच्या सिलिंडरात ब्युटेन आणि प्रोपेन ह्यांचं मिश्रण असतं. तिकडे नुसतं प्रोपेन. कारण शून्याच्या आसपास थंडी पडली की ब्युटेनची वाफ होईनाशी होते, शेगडी पेटत नाही. प्रोपेन मात्र शून्याखाली चाळीसपर्यंत काम देतं. दोन्ही हवेपेक्षा जड, गळले की जमिनीलगत साचतात. म्हणून गळतीची सूचना देणारा भोंगा खाली, पायांजवळ लावतात. नळी जोडली की साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहायचं, हे तुम्हांला मी काय सांगावं?

दुसरा भोंगा कार्बन मोनॉक्साइडचा. ह्या वायूला वास नसतो. शेगडी पेटवून तिच्यावर खोली ऊबदार करायचा मोह थंड रात्री होतो, तो जिवावर बेतू शकतो. शेगडी फक्त स्वयंपाकाला आणि तीही खिडकी उघडी ठेवून. थंडीला आपली गोधडी! सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेल्या गोधडीला तिकडच्या महागड्या पिशव्यांपेक्षा जास्त मागणी होती. दोन्ही भोंग्यांवर मुदतीची तारीख छापलेली असते. जुन्या गाडीत ती उलटून गेलेली असण्याची शक्यता दाट, म्हणून आम्ही दोन्ही नवे घेतले.

आणखी एक. कापडाच्या घरात तीन माणसांचा श्वास आणि भाताची वाफ रात्री थंड कापडावर दवासारखी जमते. सकाळी भिंती ओल्या. छपरातली खिडकी बोटभर उघडी ठेवली आणि कुकरची शिटी बाहेर मेजावर होऊ दिली तर हे टळतं. कापड ओलं असताना छप्पर मिटावं लागलं तर संध्याकाळी पोचताच उघडून वाळवायचं. नाही तर चार दिवसांत बुरशीचे ठिपके आलेच.

वीज छपरावरच्या पाटीकडून. १०० अँपिअर-तासांची लिथियमची बॅटरी बारा व्होल्टचा छोटा फ्रिज दोन दिवस ऊन नसलं तरी चालवते. मात्र शून्याखालच्या थंडीत ही बॅटरी भारायची नसते, म्हणून ती बाहेरच्या खणात न ठेवता आत बाकाखाली ठेवली.

आईंची सोय

वरच्या गादीवर चढायला पाय गुडघ्यापर्यंत उचलावा लागतो, तो सासूबाईंना जमणारा नव्हता. त्यांच्यासाठी खालचा बाकच उशा-फळी लावून रुंद केला. त्यांची उंची पाच फूट, बाक पुरला. कॅम्परचं दार जमिनीपासून चांगलं उंच असतं. घडीची दोन पायऱ्यांची शिडी घेतली आणि दाराच्या आत हाताला धरायला एक मजबूत कडी बसवली. ही कडी मी सगळ्यांत आधी सुचवेन. रात्री उठावं लागलं तर बाहेर अंधारात जायला नको म्हणून बाकाच्या टोकाला झाकणबंद शौचाचा डबा आणि भोवती जुन्या सुती साडीचा पडदा. नेमून दिलेल्या ठिकाणीच तो रिकामा करायचा असतो, ओटीवर सांडपाणी टाकावं तसं कुठेही नाही. भांड्यांचं पाणीसुद्धा बादलीत साठवून तिथेच.

चालत्या गाडीत मागे कुणी बसायचं नाही. सगळ्यांनी पुढे ट्रकमध्ये, पट्टे बांधून. म्हणून ट्रकला मागचं आसन हवं, हेही घेताना पाहा.

निघालो

सप्टेंबरच्या मध्याला निघालो. बोगद्यापलीकडचा उतार हळू, खालच्या गिअरमध्ये उतरलो. ग्लेनवूडची घळ, ग्रँड जंक्शन करत संध्याकाळी युटा राज्यात ग्रीन रिव्हर गावी. हे गाव खरबूज-कलिंगडांसाठी नावाजलेलं आहे आणि सप्टेंबर हा त्यांचा हंगाम. इथे पेट्रोल आणि पाणी काठोकाठ भरून घ्यावं, पुढे मैलोन् मैल काही मिळत नाही.

गावाबाहेरची बरीचशी जमीन तिकडे केंद्र सरकारच्या भूमी खात्याची आहे. मनाई नसेल तिथे मोकळ्या रानात फुकट मुक्काम करता येतो, बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत. ना नळ, ना दिवा, ना शेजार. छप्पर उचललं, पिठलं-भात केला. सासूबाईंनी दारातच बसून जप केला. इतकी शांतता की कुकर गार होतानाचा आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी हँक्सव्हिलवरून कॅपिटल रीफ. १९७१ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं. लाल खडकांच्या उभ्या भिंती आणि त्यांच्या पायथ्याशी, फ्रेमाँट नदीच्या काठी, फळबागा! फ्रूटा नावाची मॉर्मन पंथीयांची छोटी वस्ती इथे १८८० नंतरच्या काळात झाली. त्यांनी पाट काढून चेरी, जर्दाळू, पीच, नासपती, सफरचंदं लावली. वस्ती उठली, बागा उद्यानानं राखल्या. हंगाम चांगला असेल त्या वर्षी बागेत उभं राहून खाल ते फुकट, घरी न्याल ते तोलून, पैसे भरून. सासूबाईंनी लांब काठीच्या झेल्यानं सफरचंदं उतरवली. मग मला म्हणाल्या, "सूनबाई, तुझे ते आठ किलो अजून शिल्लक आहेत ना?" होते की! शिवाय दोन दिवसांत चाळीस लिटर पाणी संपलेलं. चार किलो सफरचंदं घेतली.

तिथल्या मुक्कामाच्या जागेत पाण्याचा नळ आहे, पण गाडीला वीज जोडायची सोय नाही. आपल्या बॅटरीवर राहायचं. रात्री मात्र दिवे लावावेसे वाटत नाहीत. काळोख राखल्याबद्दल २०१५ साली ह्या उद्यानाला आंतरराष्ट्रीय मान मिळाला आहे. आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेली. आई म्हणाल्या, लहानपणी गावाला अंगणात निजायचो तेव्हा असंच दिसायचं, मध्ये कुठे गेलं होतं कोण जाणे.

पुढे बारा नंबरचा रस्ता. एकूण दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण घाई करू नका. बोल्डर डोंगरावर तो २,९०० मीटरपर्यंत चढतो, सप्टेंबरअखेर तिथे ॲस्पेनची झाडं हळदीसारखी पिवळी होतात. चिवड्याच्या बंद पिशव्या उंचीवर फुगून फुग्यासारख्या झाल्या, त्या पाहून आई हसून हसून बेजार. डोंगर उतरला की बोल्डर गाव. १९३०च्या दशकातसुद्धा ह्या गावाला टपाल खेचरांच्या पाठीवरून येई. त्याच्या पुढे हॉगबॅक. म्हणजे डुकराची पाठ. रस्ता अरुंद कण्यावरून जातो, दोन्ही बाजूंना खोल दरी, कठडा नाही. त्या दिवशी वारा सुटला होता. उंच, कडक भिंतींच्या घराला असा वारा शिडासारखा ढकलतो. आमचं छप्पर मिटलेलं, वजन खाली, काटा तपासलेला. ह्यांचे हात चाकावर घट्ट होते, पण गाडी डगमगली नाही. मागे आईंचा रामरक्षेचा पुटपुटता सूर चालू होता. एस्कलांटला चहा घेताना मी वही काढून त्या १७३ किलोंच्या बेरजेखाली एक रेघ ओढली, इतकंच.

शेवटी ब्राइस कॅन्यन. तिथला कडा समुद्रसपाटीपासून २,४०० मीटरच्या वर. इथे पाणी ९२ अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजायला खूपच जास्त वेळ लागतो. तीन लिटरचा कुकर घेतला होता तो इथे कामाला आला. घरच्यापेक्षा एक शिटी जास्त. पहाटे बाहेर बर्फाची खापरी, आत गोधडीची ऊब, आणि सूर्य उगवताना दरीतले हजारो सुळके आतून दिवा लावल्यासारखे तांबडे. सासूबाई कड्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभ्या होत्या. त्यांना हात जोडावेसे वाटले, त्यांनी जोडले.

जाणाऱ्यांसाठी थोडं

* मसाल्याच्या डब्याचं झाकण रस्त्याच्या धक्क्यांनी उडतं. डबा फडक्यात गाठ मारून बांधा. काचेच्या बरण्या नकोत.
* भाजणी, मेतकूट, पोहे, सांज्याचा भाजलेला रवा आणि सुकी चटणी बरोबर घ्या. वजन कमी, पोट भरीचं. तळण आणि आतली फोडणी टाळा. कापडात वास मुरतो.
* ताटं धुण्याआधी कागदानं पुसून घ्या. पाणी निम्मं लागतं.
* अस्वलांच्या मुलखात जाणार असाल तर आधी नियम वाचा. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजला तंबू आणि कापडी ट्रेलर चालत नाहीत. कॅनडात लेक लुईला कापडी निवाऱ्यांसाठी वेगळी जागा असून तिच्याभोवती विजेचं कुंपण आहे. आपलं घर अर्धं कापडाचं, म्हणून जागा ठरवण्याआधी विचारून घ्या. अन्न कुठेही असलात तरी उघड्यावर ठेवायचं नाही.
* छप्पर मिटताना कापड साडीच्या निऱ्या खोचाव्यात तसं चारी बाजूंनी आत खोचा, मगच कड्या लावा. कडीत चिमटलेलं कापड फाटतं.
* मुक्काम हलवण्याआधी एकीनं गाडीभोवती पूर्ण चक्कर मारायची: हूक, कड्या, पायरी, गॅसचा कॉक.

मुलगा-सून किंवा लेक-जावई उद्या म्हणाले, "आम्ही कॅम्पर घेतोय, पण तुम्हांला कसं झेपणार?" तर लगेच "तुम्ही जा, मी घर सांभाळते" म्हणू नका. ट्रकच्या दारावरचा आकडा विचारा आणि वही-पेन्सिल मागा. एवढ्याशा घरात काय बसवायचं आणि काय गाळायचं हे आयुष्यभर दोन खोल्यांत संसार केलेल्या बाईइतकं कुणाला कळतं? आपलं वजन त्या हिशेबात पहिल्या ओळीत मांडा. बाकीचं सामान त्याच्या खाली.